देवळालीचा ताप

मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याचा घाट चढते, इगतपुरी आणि घोटी मागे टाकते आणि नाशिकरोडच्या अगदी अलीकडे एका स्टेशनावरून पुढे जाते. पाटीवर नाव असतं: देवळाली. त्या नावात देऊळ सरळ ऐकू येतं. हेच नाव इंग्रजी शब्दकोशातही सापडतं, पण गावाचं नाव म्हणून नाही. तिथे ते ‘डूलॅली’ झालं आहे, विशेषण बनलं आहे, आणि त्याचा अर्थ दिलेला असतो: वेडसर, डोकं फिरलेला.

इंग्लंडात हा शब्द आजही बोलला जातो. म्हातारे आजोबा चष्मा साखरेच्या डब्यात ठेवून घरभर शोधत राहिले, की नातवंडं म्हणतात, आजोबा डूलॅली झाले. उन्हाळ्यातल्या सेलमध्ये बायाबापड्या दुकानावर तुटून पडल्या, की कुणी म्हणतं, सगळं शहर डूलॅली झालंय. त्यात शिवीचा कडवटपणा नाही. मराठीत ‘याचं जरा सरकलंय’ म्हणताना जो सूर लागतो, तोच तिथेही असतो. आपण नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव घेतोय, हे मात्र बोलणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसतं.

ही गोष्ट सुरू होते १८५७ च्या उठावानंतर. १८५८ साली कंपनीचं राज्य संपलं आणि हिंदुस्थान थेट राणीच्या अमलाखाली आला. देशी शिपायांवरचा विश्वास उडालेला होता, म्हणून गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवण्यात आली. पुढची कित्येक दशकं साठ-सत्तर हजार गोरे सैनिक या देशात कायम राहिले. ते यायचे गिरण्यांच्या शहरांतून, खाणींतून, आयर्लंडच्या गरीब खेड्यांतून, आणि इथे आल्यावर मरायचे. लढाईत कमी, बराकीत जास्त. या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ साली अहवाल दिला. त्यातला आकडा होता वर्षाला हजारी ६९ मृत्यूंचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्या आयोगासाठी छावण्याछावण्यांतून आलेल्या माहितीचा डोंगर उपसला होता. घाणेरडं पाणी, कोंदट बराकी, कॉलरा, हिवताप, आमांश आणि दारू ही त्या मृत्यूंची कारणं होती. म्हणजे हिंदुस्थानात नेमणूक झालेल्या सैनिकाला मायदेशी जिवंत परत जाणं हीच एक मोठी गोष्ट वाटत असे, आणि त्या परतीच्या वाटेवर शेवटचा मुक्काम होता देवळाली.

देवळालीची छावणी उभी राहिली ती १८६१ च्या सुमाराला. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. मुंबई बंदर इथून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटर. घाटमाथ्यावरची कोरडी हवा, मोकळं माळरान, बंदरातली दमट हवा आणि साथी यांपासून सुरक्षित अंतर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाटातला मार्ग १८६५ साली खुला झाला आणि मग सगळी सोय झाली. विलायतेहून आलेली नवी तुकडी बोटीतून उतरली, की तिला गाडीत घालून घाटावर आणायचं, चार दिवस इथल्या हवेची सवय होऊ द्यायची आणि मग मीरत, लखनौ, रावळपिंडी अशा ठाण्यांवर रवाना करायचं. परत जाणाऱ्यांचंही तसंच. देशभरातल्या पलटणींतून मुदत संपलेले सैनिक इथे गोळा व्हायचे आणि बोट लागली, की घाट उतरून बंदरावर जायचे. येणाऱ्यांचा मुक्काम थोडा असे. घोळ झाला तो परतणाऱ्यांचा.

बोटींची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय तो घोळ उलगडत नाही. १८६६-६७ च्या सुमाराला सरकारने खास हिंदुस्थानच्या फौजेची ने-आण करण्यासाठी पाच मोठ्या आगबोटी बांधून घेतल्या: क्रोकोडाइल, सेरापिस, युफ्रेटिस, जमना आणि मलबार. तेव्हा सुएझचा कालवा झालेला नव्हता. म्हणून पहिल्या दोन बोटी पोर्ट्‌समथहून अलेक्झांड्रियापर्यंत येत, सैनिक जमिनीवरून सुएझला जात आणि उरलेल्या तिघींपैकी एक त्यांना तिथून मुंबईला आणून सोडत असे. १८६९ च्या नोव्हेंबरात कालवा खुला झाला आणि सलग प्रवास शक्य झाला. या पांढऱ्या बोटी सैनिकांच्या इतक्या ओळखीच्या होत्या, की मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने मायदेशी परतणाऱ्या सैनिकांवर ‘ट्रूपिंग’ ही कविता लिहिली, तेव्हा त्यात मलबार आणि जमना यांची नावं आली.

पण बोटी बारमाही चालत नसत. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, आणि उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात लोखंडी बोटीच्या पोटात शेकडो माणसं कोंबली, तर उकाड्यानेच जीव जायचे. म्हणून सैनिकांची वाहतूक साधारण ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांतच होई. मार्चमध्ये शेवटची बोट सुटली, की पुढची शरद ऋतूत.

आता एका सैनिकाचा हिशोब मांडून पाहू. १८७० च्या कायद्याने अल्पमुदतीची भरती सुरू झाली. काही वर्षं पलटणीत, उरलेली राखीव दलात. प्रत्येकाची मुदत त्याच्या भरतीच्या तारखेपासून मोजलेली. कुणाची नोव्हेंबरात संपे, कुणाची एप्रिलात. नोव्हेंबरवाला नशीबवान. तो देवळालीला यायचा, आठ-पंधरा दिवसांत बोट मिळायची. मार्च सरता सरता येणाऱ्याची बोट मात्र गेलेली असायची. त्याची नोकरी संपलेली, पण घर अजून सहा-सात हजार मैलांवर. मधे एप्रिल-मेचं नाशिकचं ऊन, मग पाऊस, मग पुन्हा ऊन. रोज सकाळी उठायचं आणि समोर तेच माळरान पाहायचं. आपण तुरुंगात नाही, पण जाताही येत नाही, अशी ती अवस्था.

या अवस्थेचं सगळ्यात प्रामाणिक वर्णन एका साध्या सैनिकाने करून ठेवलं आहे. फ्रँक रिचर्ड्‌स हा वेल्सच्या कोळसाखाणीच्या भागातला, लहानपणीच आईबापांना पारखा झालेला मुलगा. रॉयल वेल्श फ्युझिलियर्स या पलटणीत तो भरती झाला, १९०२ साली हिंदुस्थानात आला आणि इथे व ब्रह्मदेशात मिळून सात वर्षं राहिला. पुढे पहिलं महायुद्ध तो अथपासून इतिपर्यंत लढला, शौर्यपदकं मिळवली, पण अखेरपर्यंत साधा शिपाईच राहिला. त्याच्या हिंदुस्थानातल्या आठवणींचं ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे पुस्तक १९३६ साली आलं. कवी रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज हा त्याच पलटणीतला अधिकारी. त्याने रिचर्ड्‌सच्या लेखनावर हात फिरवला, पण आपलं नाव कुठे लावलं नाही.

रिचर्ड्‌स सांगतो ते असं. मुदत संपलेला सैनिक देवळालीत यायचा तेव्हा त्याची बंदूक आणि लढाईचं सामान पलटणीतच जमा झालेलं असायचं. अधूनमधून कपड्यांची तपासणी, कधी एखादी लांबची पायपीट, बाकी दिवसभर काही काम नाही. वेळ अंगावर येई. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एकही डाग नव्हता, अशी माणसं इथे येऊन भांडणं करायची, नियम मोडायची आणि घरी जाण्याऐवजी आधी कैद भोगायची. काहीजण गुप्तरोग जडवून घेऊन इस्पितळात पडायचे, आणि बोट आली तरी त्यांना जाता येत नसे. रिचर्ड्‌सच्या मते ‘डूलॅली टॅप’ हा सैनिकांचा वाक्प्रचार याच कंटाळ्यातून जन्मला. कुणी विचित्र वागला, की बाकीचे म्हणत, याला देवळालीचा ‘टॅप’ झाला.

इथे थांबून या वागण्याकडे जरा सहानुभूतीने पाहायला हवं. पलटणीत सैनिकाचा दिवस बिगुलाने बांधलेला असायचा. उठणं, कवायत, जेवण, झोप, सगळं ठरलेलं. देवळालीत तो बिगुल होता, पण त्याला अर्थ उरलेला नव्हता. पलटणीतले सोबती तिकडे लांब राहिलेले, इथे शेजारच्या खाटेवर अनोळखी माणूस. आठ-दहा वर्षांनी घरी जायचं, पण घरी कोण जिवंत आहे, आईचं शेवटचं पत्र कधी आलं, गावात काम मिळेल का, हे प्रश्न रिकाम्या डोक्यात फिरत राहणार. असा माणूस दारूच्या कँटीनकडे वळला, तर दोष त्याचा किती आणि त्याला बोट न देणाऱ्या वेळापत्रकाचा किती? रिचर्ड्‌सचं पुस्तक वाचल्यावर उत्तर देताना फार अडखळायला होत नाही.

आता तो ‘टॅप’. मराठी वाचकाने तो केव्हाच ओळखला असेल. इंग्रजी कानाला टॅप म्हणजे हलकी टपली, त्यामुळे पुढच्या पिढ्यांतल्या इंग्रजांना वाटलं, की डोक्यावर टपली बसून माणूस खुळा झाला. प्रत्यक्षात हा आपला ताप. संस्कृतात ताप, फारसीत तप, हिंदुस्थानी बोलीत दोन्ही. बराकीतला भिस्ती, धोबी, न्हावी, चहावाला यांच्या तोंडून गोऱ्या सैनिकाने तो उचलला. गंमत अशी, की कोमट या अर्थाचा इंग्रजीतला ‘टेपिड’ हा शब्द लॅटिनमधून आलेला आणि त्याच प्राचीन मुळाचा. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन चुलत भावंडांची देवळालीच्या माळावर गाठ पडली, पण एकमेकांना कुणी ओळखलं नाही.

आणि ताप तिथे खरोखर होताच. हिवताप डासामुळे होतो, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी पाहून ताडलं ते १८९७ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधीची सगळी वर्षं डॉक्टर दूषित हवेला दोष देत आणि क्विनाइन पाजत. त्या काळच्या वैद्यकाचं दुसरं ठाम मत असं, की उष्ण देशातलं ऊन थेट डोक्यात आणि मणक्यात शिरतं आणि गोऱ्या माणसाची बुद्धी बिघडवतं. म्हणून सोला टोपी, म्हणून पाठीवर जाड कापडाची पट्टी. तापात बडबडणं, ऊन लागून भ्रमिष्ट होणं आणि कंटाळून डोकं फिरणं, या तीन गोष्टी बराकीत एकमेकींत मिसळून गेल्या. मराठीत आपणही तेच करतो. अंगातला ताप वेगळा आणि ‘डोक्याला ताप’ वेगळा, पण शब्द एकच.

शब्दाचा पहिला अर्धा भागही पाहण्याजोगा आहे. इंग्रजांना ळ उच्चारता येत नाही आणि ‘देव’मधला व त्यांच्या जिभेवर टिकत नाही. म्हणून कागदावर ‘डिओलाली’ आणि बोलण्यात ‘डूलॅली’. खडकीचं कर्की झालं, पुण्याचं पूना, वसईचं बसीन. ती सगळी नकाशातली रूपं होती आणि आता बहुतेक मागे पडली. देवळालीचं रूप मात्र नकाशातून निसटून माणसांच्या बोलण्यात शिरलं, आणि तिथून त्याला हलवणं कुणाच्या हाती नव्हतं.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं आणि त्यावरून हा शब्द पडला, असं इंग्लंडात सर्रास सांगतात. ऐकायला हे पटतं. लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळावरून ‘बेडलॅम’ हा शब्द आला, मग तसंच इकडे झालं असेल. आपल्याकडेही कुणाला चिडवायचं तर ‘येरवड्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याला भरती करा’ म्हणतात. देवळालीत लष्करी इस्पितळ आणि आरोग्यधाम होतं, हे खरं. घरी परतणाऱ्या आजारी सैनिकांत मनाने खचलेलेही असणारच. पण गोऱ्या वेड्यांची नावाजलेली ठिकाणं दुसरीच होती. मुंबईत ते कुलाब्याला. तिथलं इस्पितळ पुढे बंद झालं आणि १९०१ मध्ये ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं, ज्याच्या नावाने मराठी माणूस आजही विनोद करतो. कंपनीच्या नोकरीत वेड लागलेल्या गोऱ्यांना लंडनच्या हॅकनी भागातल्या पेम्ब्रोक हाउसमध्ये धाडत. १८७० साली त्याची जागा ईलिंगच्या रॉयल इंडिया असायलमने घेतली आणि ते १८९२ पर्यंत चाललं. सैनिकांसाठी हॅम्पशरमधल्या नेटलीच्या प्रचंड लष्करी इस्पितळात ‘डी ब्लॉक’ होता. इतक्या सगळ्या इस्पितळांपैकी एकाचंही नाव वेडेपणाचा शब्द म्हणून त्या सैनिकांच्या तोंडी बसलं नाही. बसलं ते जिथे त्यांना नुसतं थांबवून ठेवलं होतं, त्या छावणीचं. रिचर्ड्‌सची साक्ष म्हणूनच मोलाची. सैनिकांनी हा शब्द रोग्यांसाठी घडवला नव्हता, तो त्यांनी स्वतःसाठी घडवला होता.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा शब्द नियमित फौजेपुरता राहिला. ती फौज लहान होती आणि तिची बोली बराकीबाहेर फारशी जात नसे. १९१४ नंतर कारकून, शेतकरी, दुकानदार असे लाखो लोक वर्दीत शिरले आणि जुन्या सैनिकांच्या तोंडची हिंदुस्थानी भेसळ त्यांनी जशीच्या तशी उचलली. विलायतीवरून ‘ब्लायटी’, चिठ्ठीवरून ‘चिट’, देखोवरून ‘डेक्को’. मायदेशी पाठवेल अशा जखमेलाही खंदकातले सैनिक ‘ब्लायटी’ म्हणू लागले. युद्ध संपल्यावर ही माणसं घरी गेली तेव्हा शब्दही त्यांच्याबरोबर गेले. १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक आणि खलाशांच्या शब्दांचा कोश काढला, तेव्हा ‘डूलॅली टॅप’ त्यात आला होता. त्यानंतर हळूहळू ताप गळून पडला. देवळाली तेवढी राहिली.

दुसऱ्या महायुद्धात छावणी पुन्हा गजबजली. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्रही याच काळात इथे आलं. जिमी पेरी नावाचा तरुण तेव्हा इथे तोफखान्यात होता आणि सैनिकांच्या करमणुकीसाठी नाच-गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या पथकात काम करायचा. त्याच आठवणींवर त्याने डेव्हिड क्रॉफ्टच्या साथीने ‘इट एंट हाफ हॉट मम’ ही मालिका लिहिली. बीबीसीने ती १९७४ ते १९८१ दाखवली. सुरुवातीचे भाग देवळालीतच घडतात, चित्रीकरण मात्र इंग्लंडातच झालं. तिच्यातली हिंदी माणसांची चित्रं आज खटकतात, आणि ती खटकायलाच हवीत. तरीही रिकामा वेळ भरून काढण्यासाठी जिवाचा आटापिटा करणारे सैनिक हा त्या मालिकेचा गाभा पेरीच्या अनुभवातून आलेला होता.

वाट पाहण्याचा तो जुना रोग १९४६ साली वेगळ्या रूपात उसळला. युद्ध संपून महिने उलटले, तरी घरी पाठवत नाहीत म्हणून जानेवारीत कराचीच्या ड्रिग रोड ठाण्यावर ब्रिटिश हवाई दलाच्या माणसांनी काम बंद केलं, आणि संप देशभरातल्या आणि बाहेरच्याही अनेक ठाण्यांवर पसरला. पुढच्याच महिन्यात मुंबईत हिंदी नौसैनिकांचा उठाव झाला. दोन्हींची कारणं वेगळी. पण घरी जाऊ द्या म्हणणारा गोरा सैनिक स्वतःच साम्राज्याच्या वेळापत्रकाविरुद्ध उभा राहिला, ही घटना देवळालीच्या इतिहासाशी नातं सांगते. साठ वर्षांपूर्वी अशाच माणसाला लोकांनी डूलॅली म्हणून हसण्यावारी नेलं होतं. या वेळी तो एकटा नव्हता.

छावणीला खेटूनच भगूर आहे. बोटीची वाट पाहणारे सैनिक माळावर दिवस मोजत होते, त्याच काळात, १८८३ साली, तिथे विनायक दामोदर सावरकरांचा जन्म झाला. आज त्या छावणीत भारतीय सेनेचं तोफखाना विद्यालय आहे. आसपास मुंबईकरांनी हवापालटासाठी बांधलेले जुने बंगले आणि सॅनिटोरियमं आहेत. हवा चांगली म्हणून लोक इथे येत राहिले, म्हणजे १८६१ मध्ये जागा निवडणाऱ्यांचा अंदाज चुकला नव्हता. शब्दही परत आला आहे. २००९ साली पुण्यात बिअर गाळणाऱ्या एका मद्यगृहाने ‘डूलॅली’ हे नाव घेतलं, आणि त्याच्या मुंबईतल्या ‘टॅपरूम’मध्ये जुना तापही वेगळ्या अर्थाने येऊन बसला.

त्यामुळे कुणी इंग्रज पाहुणा हा शब्द वापरताना भेटला, तर त्याला एवढं जरूर सांगावं: हे एका गावाचं नाव आहे, ते तुमच्याच सैनिकांनी भाषेत नेलं, आणि नेलं ते तिथे वेडे होते म्हणून नाही, तर त्यांना घरी जायला बोट मिळत नव्हती म्हणून. ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्री, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गेटवे ऑफ इंडियातून बाहेर पडली. तिची बोट बंदरात उभी होती.